वेग छापलात, बुडबुड्याचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाण्याखालून, स्वतःभोवती वायूचा बुडबुडा करून, विमानालाही मागे टाकणाऱ्या पाणबुडीची बातमी आपल्या रविवारच्या अंकात वाचली. शांघाय ते सॅन फ्रान्सिस्को १०० मिनिटांत, हा २०१४ साली चिनी संशोधनाच्या हवाल्याने गाजलेला दावा त्यात पुन्हा आला आहे. माझी नोकरी भोसरीत पंपांच्या कामात गेली, म्हणून हे पत्र.

पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन. त्यात वेग दुप्पट करायचा तर इंजिनाची ताकद आठपट लागते. सोव्हिएत पाणबुडी के-२२२ने १९७०च्या सुमारास ताशी जवळपास ८३ किलोमीटर गाठले, तेही कानठळ्या बसवणारा आवाज करत. लपण्यासाठीच बांधलेल्या पाणबुडीला तो वेग काय कामाचा?

दुसरी अडचण पंपवाल्यांच्या ओळखीची: कॅव्हिटेशन. पंपाच्या किंवा बोटीच्या पंख्याच्या पात्याजवळ दाब फार घसरला की गार पाणीही उकळते आणि वाफेचे बुडबुडे होतात. पुढे दाब वाढला की ते फटाफट मिटतात आणि मिटताना धातू कुरतडतात. सोसायटीच्या पंपाची सक्शन लाइन (पाणी ओढणारा पाइप) बारीक टाकली की आतून वाळू फिरल्यासारखा आवाज येतो, तो हाच. असा इम्पेलर (पंपातले फिरते चाक) उघडून पात्यावर बोट फिरवा, खड्डे हाताला लागतात. वाफेची टर्बाइन बनवणारे इंग्रज अभियंते चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' बोटीचा वेग १८९४मध्ये यामुळेच अडला होता. त्यांनी खास टाकी बांधून बुडबुडे तपासले, एका पंख्याऐवजी नऊ पंखे लावले, तेव्हा कुठे १८९७ला बोट ३४ नॉटने (ताशी सुमारे ६३ किलोमीटर) धावली.

रशियाच्या 'श्क्वाल' टॉर्पेडोने (पाण्याखालून मारा करणाऱ्या अस्त्राने) याच शत्रूला, म्हणजे बुडबुड्याला, कामाला लावले. नाकावरची चकती पाणी बाजूला फेकते, वायू सोडून मागचा बुडबुडा फुगवतात आणि अख्खा टॉर्पेडो त्यात राहून रॉकेटच्या जोरावर ताशी ३७० किलोमीटरपर्यंत जातो. कल्पना झकासच. पण अंगाला पाणी लागत नाही म्हणजे उचलून धरणारे पाणीही नाही. शेपटी बुडबुड्याच्या भिंतीवर आपटत राहते. वळवायचे तर नाक तिरके करायचे, की बुडबुडाही वाकडा. खोल जावे तसा बाहेरचा दाब वाढून तो आक्रसतो.

आता १०० मिनिटांचा हिशेब. ताशी ५,९०० किलोमीटर म्हणजे पाण्यातल्या ध्वनीच्याही पुढे. साध्या सूत्राने पाहिले तरी नाकावरचा दाब हवेच्या दाबाच्या १३ हजार पट भरतो. 'श्क्वाल'च्या वेगाला तो ५० पट असतो. ते नाक कशाचे करणार, तेवढे इंधन कुठे ठेवणार आणि वेग उतरताना बुडबुडा मिटून चहूबाजूंनी पाणी आदळेल तेव्हा आतल्या प्रवाशांचे काय, याचा बातमीत उल्लेखही नाही.

केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आपल्या खडकवासल्यातच आहे. पुढच्या वेळी छापण्याआधी तिथल्या एखाद्या अभियंत्याला फोन करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अभियंता, कोथरूड, पुणे