दाराची आतली बाजू

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. दोन्ही दारांचे पॅड, म्हणजे आतली प्लॅस्टिकची आवरणं, काढून भिंतीला टेकवून ठेवलेस आणि तुझ्या शर्यतीच्या गाडीच्या दारांचा उघडा पत्रा दाखवलास. फोटोखाली लिहिलंस, ‘आता इथे काहीच लावायचं नाही, वाचलं तेवढं वजन वाचलं.’ त्या एका वाक्यापायी मी आज रात्री कागद घेऊन बसलोय. फोनवर हे सगळं सांगून होणार नाही. आकडे आहेत, थोडी मोजमापं आहेत, आणि एक गोष्ट अशी आहे की ती मी तुला आजवर सांगितलेली नाही.

पॅड काढलेस ते योग्यच केलंस. माझं म्हणणं पुढच्या अर्ध्या भागाबद्दल आहे. शर्यतीच्या गाडीचं दार उघडं ठेवू नये. जुन्या पॅडच्या जागी हलका पॅनेल बसलाच पाहिजे.

आधी वजनाचं बघू. पॅड हातात घेतल्यावर जड लागतो, पण सगळा भार प्लॅस्टिकचा नसतो. मी माझ्या गाडीचं एकेक सामान ताणकाट्याला अडकवून वहीत लिहून ठेवलं होतं. हात टेकायच्या आर्मरेस्टसकट पॅड 2.8 किलो भरला. स्पीकर जवळजवळ एक किलो. काच वरखाली करणारं मशीन आणि त्याची मोटर मिळून दोन किलोच्या आसपास. आणि काच! काचेची घनता पाण्याच्या अडीचपट, म्हणजे 4 मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला 10 किलो भरते. दाराची काच साधारण 0.4 चौरस मीटर धरलीस तर चार किलो झाले, आणि तेही दाराच्या सगळ्यात वरच्या भागात. त्याच जागी 3 मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट लावलं तर दीड किलोच्या आत काम होतं, आणि ते घट्ट बसवलं की मशीन, मोटर, वायरिंग सगळंच निघतं. म्हणून दाराचा हिशेब करताना पॅडवर थांबू नकोस, तुझ्या शर्यतीच्या वर्गात काच बदलायला परवानगी आहे का तेही बघ. काच गाडीच्या गुरुत्वमध्याच्या वर असते. तिथला एक किलो कमी केलास तर वळणावर गाडी कमी कलंडते. जमिनीलगतचा तेवढाच किलो काढून तो फायदा मिळत नाही.

नव्या काचेचं आणि पॅनेलचं वजन वजा करून माझ्या हिशेबाने एका दारामागे सात किलो निघतात, दोन्ही मिळून चौदा. हजार किलोच्या गाडीत हे दीड टक्क्याच्या जवळ जातं. इंजिनातून तेवढीच ताकद वाढवायला किती रात्री जागाव्या लागतात ते तुला मी सांगायला नको. शिवाय हलकी गाडी ब्रेकलाही सोपी आणि टायरलाही सोपी. त्या चौदा किलोंबद्दल तुझा आनंद खरा आहे, आणि मलाही तितकाच झाला.

आता ती गोष्ट.

पहिल्या वर्षी मीही तुझ्यासारखंच दार उघडं ठेवलं होतं. पॅड काढला, त्याच्याबरोबर आतला हँडलही गेला, आणि लॅचची, म्हणजे दार अडकवणाऱ्या खटक्याची, सळई तशीच लोंबत राहिली. मी तिचं टोक पक्कडीने वळवून कडी केली आणि काम भागलं असं समजलो. एका सरावाच्या दिवशी सरळ पट्ट्यावरून ब्रेक मारत येताना बॉनेटच्या कडेने धूर निघाला आणि केबिनमध्ये शिरला. गाडी बाजूला घेतली, बेल्ट सोडला आणि हात सवयीने हँडलच्या जागी गेला. तिथे हँडल नव्हता. धुरात डोळे उघडेनात, हातात जाड मोजे, सळईची कडी कुठे आहे ते समजेना. चाचपडताना हात दाराच्या मोठ्या भोकात गेला. कापलेल्या पत्र्याच्या धारेने मोजा फाटला आणि तळहात अंगठ्यापासून मनगटापर्यंत चिरला. शेवटी ट्रॅकवरच्या मार्शलने बाहेरून दार उघडलं. नंतर कळलं की व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून ऑइल गरम एक्झॉस्टवर गळत होतं, एवढंच. आग लागली नव्हती. पण लागली असती तर, हा विचार मला कित्येक महिने झोपू देत नव्हता. तुझ्या फोटोत सळईला तशीच वळवलेली कडी दिसली आणि माझा हात आपोआप त्या व्रणावर गेला.

म्हणून तुला सांगतो, पॅनेल हा आतल्या सजावटीचा भाग धरू नकोस. दाराच्या पोटात सळया, केबल, धारदार कडा आणि मोठमोठी भोकं असतात. आपला दाराकडचा कोपर, गुडघा आणि मांडी त्याच्यापासून वीतभरावर असतात. गाडी बाजूने आपटली, फिरली किंवा उलटली की हातपाय आपल्या ताब्यात राहत नाहीत, जिथे पोकळी सापडेल तिथे ते जातात. पॅनेल ती पोकळी बंद करतो.

नियम करणाऱ्यांनी हे केव्हाच ओळखलंय. एफआयए ही मोटर शर्यतींची जागतिक संघटना. तिच्या अ‍ॅपेंडिक्स जे या नियमावलीत ग्रुप ए वर्गाच्या गाड्यांना दाराचा मूळ पॅड बदलायची मुभा आहे, पण बदली पॅनेल किमान 0.5 मिलिमीटर धातूच्या पत्र्याचा, किंवा किमान 1 मिलिमीटर कार्बन फायबरचा, किंवा न जळणाऱ्या दुसऱ्या टणक पदार्थाचा किमान 2 मिलिमीटर जाडीचा हवा. दोन दारांच्या गाडीत मागच्या खिडकीखालच्या पॅनेललाही तेच लागू आहे. तुझा वर्ग वेगळा आहे, तेव्हा तुझं नियमपुस्तक आधी वाच आणि शंका असेल तर तपासणी अधिकाऱ्याला लेखी विचार. पण पुस्तकात काही लिहिलेलं नसलं तरी मी हेच तीन आकडे पाळीन. ‘न जळणारा’ आणि ‘टणक’ या दोन शब्दांतच सगळं आलं.

यावरून ते पोकळ नळ्यांचं प्लॅस्टिक शीट बाद होतं, जे तू ‘पिसासारखं हलकं’ म्हणून लिहिलंस. ते पॉलिप्रॉपिलिन आहे. पेटतं, वितळतं आणि जळते थेंब खाली पडतात, ते थेट तुझ्या मांडीवर. हार्डबोर्डही नको, पाणी लागलं की फुगतो. राहता राहिले अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन. दाराचा पॅनेल साधारण 0.6 चौरस मीटर धर. 0.8 मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा 1.3 किलो होतो, 1 मिलिमीटर कार्बनचा एक किलोच्या जरा आत. फरक तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचा. कार्बन दिसायला देखणा आहे, पण 200 ग्रॅमच्या कापडाचा एक थर पाव मिलिमीटर होतो, म्हणजे चार थर, साचा, व्हॅक्यूम आणि रेझिनचा खटाटोप. शिवाय कार्बन फुटला की सुईसारख्या किरचा होतात. आतल्या बाजूला अ‍ॅरामिडचा (केव्हलरसारख्या चिवट तंतूंच्या कापडाचा) थर दिला तर तुकडे धरून राहतात, पण तो आणखी एक व्याप. पहिल्या पॅनेलला अ‍ॅल्युमिनियमच घे असं माझं स्पष्ट मत आहे. एवढ्या ग्रॅमसाठी पंधरा दिवस गाडी उभी ठेवू नकोस.

पत्रा 5052 ग्रेडचा घे. तो छान वळतो. 6061-टी6 मजबूत म्हणून मोह होईल, पण घट्ट घडी घातलीस की घडीवर तडा जातो. मी पहिला पॅनेल त्यातच घालवला.

कामाची सुरुवात पुठ्ठ्यापासून कर, आणि यात अजिबात घाई नको. मोठा पुठ्ठा दारावर धरून तळव्याने दाबत जा, कडा आणि भोकं त्यावर उमटतात. कापून दारावर चिकटव आणि मग सीट, स्टिअरिंग, बेल्ट सगळं जागेवर असताना आत बस. स्टिअरिंग पूर्ण फिरव, कोपर कुठे लागतो बघ. दार लाव आणि रोल केजच्या (गाडी उलटली तर वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याच्या) दारालगतच्या नळ्या पुठ्ठ्याला कुठे टेकतात ते खुणेने नोंदव. माझ्या गाडीत त्या नळ्या दाराच्या पोकळीत शिरतात, म्हणून पॅनेलला तिथे खोलगट आकार द्यावा लागला. पुठ्ठा चारदा बदलला तरी चालेल, पत्रा एकदाच कापायचा.

सपाट पत्रा तसाच लावलास तर तो इंजिनच्या कंपनाने ढोलासारखा वाजेल. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो हे खरं, पण वजनही दुप्पट होतं. त्यापेक्षा मधून दोन-तीन लांब नाळी दाबून घे, आणि कडा 6 मिलिमीटर आत वळवून चपट्या कर. त्याने पत्रा ताठ होतो आणि कडेला धार उरत नाही, एका कामात दोन्ही. कुठे घडी शक्य नसेल तिथे कानसून वर रबरी कड लाव. बोट फिरवून बघ, मग आतून मनगटाची बाजू फिरवून बघ, ती कातडी मऊ असते.

बसवायला जुन्या प्लॅस्टिकच्या क्लिपा वापरू नकोस. दाराच्या पत्र्यात एम5 चे रिव्हनट (पत्र्यात रिव्हेटसारखे पक्के बसणारे नट) आणि वरून चपट्या डोक्याचे स्क्रू, किंवा पाव फेऱ्यात उघडणारे फास्टनर. लॅच बिघडलं तर दोन मिनिटांत पॅनेल निघाला पाहिजे. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद थेट टेकलं आणि ओल लागली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मधे फोमची पातळ पट्टी दे. आवाजही कमी होतो.

पॅडमागे चिकटवलेला पातळ प्लॅस्टिकचा पडदा तू फाडून टाकलास असं फोटोत वाटतंय. काचेच्या फटीतून आत आलेलं पाणी तो दारातच अडवतो आणि खालच्या भोकांतून बाहेर जाऊ देतो. तो नसेल तर पावसाच्या शर्यतीत पाणी तुझ्या पायाखाली येईल. नवा घाल, वजन नगण्य आहे.

तुझ्या गाडीला बाजूच्या एअरबॅग होत्या ना? काही गाड्यांत त्यांचा दाबमापक सेन्सर दाराच्या पोकळीत असतो. दार उघडं पडलं की त्याचं गणित चुकतं. सिस्टिम ठेवणार असशील तर तो सेन्सर आणि त्याचं सील हलवू नकोस, काढणार असशील तर बॅटरी सोडून, थांबून, गाडीच्या दुरुस्तीपुस्तकाप्रमाणे सगळीच काढ. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरशी खेळू नकोस. आणि दाराच्या आतली आडवी पोलादी पट्टी तोडायचा विचार डोक्यात असेल तर तो आजच सोड. रोल केजला दाराच्या नळ्या नीट बसवल्याशिवाय ती पट्टी म्हणजेच तुझ्या बरगड्यांचं कवच आहे.

आता सळईचं. 1973 च्या पोर्शे 911 कॅरेरा आरएस 2.7 च्या हलक्या आवृत्तीत सपाट पॅनेल आणि दार उघडायला एक पट्टा आहे. फेरारी एफ40 मध्ये तर हँडलऐवजी नुसती केबल ओढायची. त्या लोकांनी हँडल काढला, पण हाताला सापडेल अशी गोष्ट तिथे ठेवली. तूही तेच कर. रुंद लाल पट्टा, लॅचला पक्का जोडलेला, पॅनेलमधल्या भोकातून बाहेर आलेला, आणि भोकाला रबरी कड. दार ओढून लावायला दुसरा पट्टा वेगळ्या रंगाचा, वेगळ्या जागी.

आणखी एक, नंतर विसरेन. दोन्ही पॅनेल झाले की गाडी चार वजनकाट्यांवर चढव, प्रत्येक चाकाखाली एक, तू आत बसलेला असताना. ड्रायव्हरची बाजू आधीच जड असते, आणि पलीकडच्या दारातून आपण जास्त काढलं तर तो फरक वाढतो. तुझ्या वर्गाच्या किमान वजनाच्या खाली गेलास तर शिशाचं वजन जमिनीला, पलीकडच्या बाजूला बोल्टने पक्कं कर. दारातलं वजन खाली तळाशी आलं, हाच तर आपला फायदा.

पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचे फोटो पाठव, दोन्ही बाजूंचे, मोजपट्टी शेजारी ठेवून. आणि पॅनेल बसल्यावर एक काम माझ्यासाठी कर. हेल्मेट, मोजे, बेल्ट सगळं चढवून आत बस, डोळे मीट, बेल्ट सोड आणि पट्टा शोधून दार उघड. आधी जवळच्या हाताने, मग दुसऱ्या. किती सेकंद लागले ते मला कळव. मी रविवारी मोकळा आहे, सांगशील तर रिव्हनटचं यंत्र घेऊन येतो.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
विनय