माल वेगळा, जोडणी वेगळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारच्या पिढ्यांची आतून तुलना करणारा पानभर लेख वाचला. दोनदा वाचला. मराठी पेपरात इंजिन सोडून गाडीच्या गादी-कापडावर कुणीतरी एवढं लिहिलंय, याचाच आधी आनंद झाला. माझं आयुष्य त्यातच गेलंय. पण तिसऱ्या परिच्छेदापासून हात शिवशिवायला लागले, म्हणून हे पत्र.

लेखकाचा निकाल थोडक्यात असा : ९९३ पर्यंत अस्सल जर्मन कारागिरी, ९९६ मध्ये ती पार घसरली, ९९७ मध्ये सावरली आणि आजच्या ९९२ मध्ये कळसाला पोचली. (हे आकडे कारखान्याचे आतले नंबर. गाडीच्या पाठीवर ते नसतात, तिथे ‘९११’, ‘कॅरेरा’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. लेखात हे सांगायला हवं होतं, आमच्या शेजाऱ्यांना त्या चार वेगळ्याच गाड्या वाटल्या.) निकाल सरसकट चुकीचा नाही. माझा आक्षेप मोजपट्टीवर आहे. डॅशबोर्डवर अंगठा दाबायचा, मऊ लागला तर ‘बांधणी उत्तम’, कडक लागला तर ‘बांधणी स्वस्त’. अंगठ्याला कळतो तो माल. बांधणी कळायला गाडी उघडावी लागते.

मी चिपळूणचा. वडील रिक्षाच्या गाद्या आणि जीपचे हूड शिवायचे. १९९६ साली मी शारजाला गेलो आणि २०१९ पर्यंत तिथल्या इंडस्ट्रियल एरियात गाड्यांचं आतलं काम केलं : सीट, डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण), छत, डॅशबोर्ड. आमचे उस्ताद सियालकोटचे. चामडं हातात घेऊन ते गुरांच्या कुठल्या अंगाचं आहे हे सांगायचे. दुबईतल्या शौकिनांच्या गाड्या आमच्याकडे यायच्या, त्यात ९११ बऱ्याच. तिथल्या उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड असा तापतो की हात ठेववत नाही. जर्मनीत वीस वर्षांनी जे दिसेल, ते आम्हाला पाच-सात वर्षांत दिसायचं.

आता ९९३. ही १९९३ ते १९९८ ची, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची ९११. पण तिचा डॅशबोर्ड मुळात १९६३ चा. त्या साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ म्हणून दाखवली होती. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच कंपनीने हक्क सांगितला म्हणून ती ९११ झाली. तेव्हापासूनचा तो उभट डॅशबोर्ड, ओळीने पाच गोल मीटर, मधला आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा), चावी स्टिअरिंगच्या डाव्या हाताला. पेडल वरून लोंबत नाहीत, जमिनीतून वर येतात, पायपेटीसारखे. तीस-पस्तीस वर्षांत जे जे नवीन आलं त्याचं बटण जिथे जागा मिळाली तिथे बसवलं. जुन्या घराला पडव्या काढत जावं आणि शेवटी स्वयंपाकघराचा दिवा ओसरीवरून लावावा लागावा, तसं. काही बटणं स्टिअरिंगच्या आड लपलेली, मान वाकडी केल्याशिवाय दिसत नाहीत. माल मात्र दणकट. रेक्झिन जाड, शिवण सरळ, आणि कुठली गोष्ट कुठे पकडून ठेवली आहे हे हाताला समजतं. ९९३ खोलताना मला कधी घाम फुटला नाही.

दाराच्या आवाजाचं लेखकाने फार कौतुक केलंय : ९९३ चं दार तिजोरीसारखं बंद होतं आणि ९९६ चं ‘पोकळ’. याचं कारण दर्जात शोधण्याआधी काचेकडे बघावं. ९९३ च्या दाराला काचेभोवती धातूची चौकट आहे. ९९६ ला चौकटच नाही. तिथे दार उघडताना काच जराशी खाली सरकते आणि बंद झालं की परत वर जाऊन रबरात बसते. चौकटीचं दार वाजतं एका सुरात, बिनचौकटीचं दुसऱ्या. तबला आणि डग्गा वेगळे वाजतात म्हणून डग्गा खराब ठरत नाही.

९९६ ची बाजू मी घेतोय असं वाटेल. अर्धीच घेतोय. १९९७ साली ती आली तेव्हा बाहेरून अठरा-एकोणीस सेंटिमीटर लांब, आतून ऐसपैस, इंजिन पाण्यावर थंड होणारं, पेडल वरून लोंबणारे. डॅशबोर्ड पहिल्यांदाच कोऱ्या कागदावर काढलेला. पाच मीटर आता एकमेकांवर चढलेले, ताटात पोळ्या सरकून याव्यात तसे. दारं, पुढचा सगळा भाग आणि आतलं बरंचसं सामान आदल्या वर्षी आलेल्या पोर्शेच्याच स्वस्तातल्या बॉक्स्टर गाडीशी सामाईक. हे हौसेनं केलेलं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी बुडायच्या काठावर होती. वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रं घेतल्यावर टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार कारखान्यात आणले. डोक्यापेक्षा उंच रॅकमध्ये ढिगाने सामान साठवून ठेवायची सवय मोडावी म्हणून ते रॅकच करवतीने कापले, हा किस्सा प्रसिद्ध आहे. एका गाडीच्या खर्चात दोन गाड्या काढल्या नसत्या तर ९९७ आणि ९९२ ची तुलना करायला त्या जन्मालाच आल्या नसत्या.

मालात काटकसर झाली हे उघड आहे. कडक प्लास्टिक, आणि सुरुवातीच्या गाड्यांना डॅशबोर्डात साधा कप्पासुद्धा नाही. चाळीस दिरहमच्या चप्पलला खोका मिळतो आणि या गाडीत कागद ठेवायला जागा नाही, असं उस्ताद म्हणायचे. तो कप्पा २००२ च्या मॉडेलपासून आला. त्या काळात युरोपभर एक टूम निघाली होती : कडक प्लास्टिकवर मऊ, रबरासारखा लागणारा रंग मारायचा. अनेक कंपन्यांनी मारला. नवा असताना मखमल. काही वर्षं ऊन आणि घाम लागला की चिकट होतो, मग नखाने सोलून निघतो, बटणांवरची चित्रं घेऊन. त्यावर आमचा उपाय म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडकं आणि संयम. सगळा थर पुसून काढायचा आणि खालचं काळं प्लास्टिक उघडं ठेवायचं. ते खालचं प्लास्टिक, गंमत म्हणजे, झकास असतं. म्हणजे बिघडलं ते मऊपणाचं सोंग, कडक माल टिकला. लेखकाचा अंगठा नेमका त्या सोंगाला गुण देतो.

आता जोडणी. २००१ साली माझ्या हातात पहिली ९९६ आली. डाव्या डोअर पॅडचं कापड सुटलं होतं. पॅडवर ‘एअरबॅग’ लिहिलेलं एक छोटं झाकण असतं, ते टोकरलं की खाली स्क्रू. हँडलच्या भागात आणखी काही. ते काढले की बाकी पॅड कडेने क्लिपांवर. प्लास्टिकची पट्टी आत सारून एक एक क्लिप सोडवायची, आणि पॅड वर उचलून काढायचं. माझं काम पाऊण तासात झालं आणि मी खूश. पॅडच्या मागे दाराच्या पत्र्याला फोमचा एक पडदा चिकटवलेला असतो. तो मी अर्धा सोलला होता आणि परत नुसता दाबून बसवला. मला वाटलं, आवाज कमी करायला असेल.

गाडी चार दिवसांनी परत आली. धुवून आणली होती आणि चालूच होत नव्हती. दाराच्या काचेवरून आत उतरणारं पाणी खालच्या भोकांतून बाहेर जावं म्हणून तो पडदा असतो. माझ्या कृपेने ते पाणी पडद्याच्या फटीतून थेट आत आलं आणि गालिच्याखाली साचलं. या गाडीत चावी ओळखणारं यंत्र सीटखाली, गालिच्याच्या पातळीवर बसवलेलं असतं. ते भिजलं. माझा दोन महिन्यांचा पगार गेला. उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी काळ्या चिकट बुटिल रबराची दोरी आणून दिली आणि दुसऱ्या दाराचा पडदा माझ्याकडून तीनदा सोलून तीनदा लावून घेतला.

त्या दिवसापासून मला जोडणी म्हणजे काय ते कळलं. ९९६ मध्ये एक सुटी वस्तू दुसरीवर अवलंबून आहे. सगळं ज्या क्रमाने बसवायचं त्याच क्रमाने बसवलं तर फटी सारख्या, कुरकुर नाही, पाणी नाही. क्रम चुकला की दंड. ९९३ चुका पोटात घालते, ९९६ घालत नाही. आणि वीस वर्षं वापरलेली गाडी चाचणीला घेऊन ‘ही खडखडते’ असं लिहिताना, आधी कुणीकुणी ती उघडली होती हे विचारायला नको का? अर्धवट तुटलेल्या दोन क्लिपा आणि विसरलेला एक स्क्रू, एवढ्याने पॅड बोलायला लागतं. तो आवाज कारखान्याच्या नावावर लावायचा नाही.

जुन्या बाजारात ९९३ चे भाव आभाळाला टेकले आणि ९९६ अनेक वर्षं सगळ्यांत स्वस्त ९११ राहिली, त्यात या आतल्या प्लास्टिकचा वाटा मोठा. पुढच्या दिव्यांचाही. लोकांनी त्या दिव्यांना ‘तळलेलं अंडं’ म्हणून नाव ठेवलं.

९९७ बद्दल लेखकाशी माझं भांडण नाही. २००४ ची ती. सांगाडा बराचसा ९९६ चाच, पण माल सुधारला, मीटर परत सुटसुटीत झाले. क्लिपा आणि क्रम तोच राहिल्यामुळे आम्हा कारागिरांना नवीन शिकावं लागलं नाही. जुनी जोडणी आणि नवा माल एकत्र आलेली ही एकच ९११. मला एखादी फुकट दिली तर मी हीच मागेन. अर्थात चिपळूणच्या गतिरोधकांवरून ती नेणार कशी, हा वेगळा प्रश्न.

एक सूचना मात्र करतो, कारण लेखात ‘जुन्या गाडीला पूर्ण चामडी डॅशबोर्ड करून घ्या’ असा सल्ला आहे. कृपा करून कुणाकडूनही करून घेऊ नका. समोरच्या माणसाची एअरबॅग डॅशबोर्डातच असते आणि ती फुटायला झाकण ठरलेल्या रेघेवर फाटावं लागतं. वरून आख्खं चामडं ताणून चिकटवलं, किंवा तिथे जाड दोऱ्याची दुहेरी शिवण मारली, तर ते फाटणार नाही. कारखान्यात त्या जागेचं चामडं मागून पातळ केलेलं असतं. आमच्याकडे पैसे घेऊन उभे असलेले गिऱ्हाईक उस्ताद याच कामासाठी परत पाठवायचे. दुसरं, कडेला चामडं छिलून पातळ न करता दुमडलं की उन्हात ते आखडतं आणि काचेजवळून उचलतं. एका दुकानात असं करून घेतलेली एक गाडी आमच्याकडे आली होती. डॅशबोर्डचा कोपरा पापडासारखा वर आलेला.

२०११ च्या ९९१ बद्दल थोडंच. दोन सीटांमधला कन्सोल उंच झाला, हँडब्रेक गेला आणि तिथे इलेक्ट्रिक बटण आलं, बाकी बटणांचीही रांग लागली. माल उत्तम. २०१८ मध्ये दाखवलेल्या ९९२ ला मधोमध १०.९ इंचांचा पडदा आहे. मीटर पाचच, पण काटा फक्त मधल्या आरपीएमला, बाकीचे त्याच्या दोन बाजूंच्या छोट्या पडद्यांवर. आणि टोकाचे दोन स्टिअरिंगच्या आड जातात, म्हणजे ९९३ ची मान वाकडी करण्याची परंपरा सांभाळली. २०२४ च्या सुधारित गाडीत तो एक काटाही गेला. गाडी चालू करायला डाव्या हाताला फिरवायचा खटका होता, तिथे दाबायचं बटण आलं. लेखक याला कळस म्हणतात. असेल. मी ९९२ उघडलेली नाही, त्यामुळे तिच्या जोडणीवर बोलणार नाही. लेखकानेही उघडलेली नसावी.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर इथे आमच्या गावात कितीतरी साध्या गाड्यांचे गालिचे मी अंगणात वाळत घातले. बाहेरून धुतल्या की चकचकीत, सीटही बऱ्या, आणि गालिच्याखालचे सॉकेट हिरवे पडलेले. तेव्हा शारजातली ती पहिली ९९६ हटकून आठवायची.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबत ‘९९६ चा डॅशबोर्ड’ म्हणून जो फोटो छापलाय तो ९९७ चा आहे. डॅशबोर्डच्या डोक्यावर मधोमध गोल स्टॉपवॉच दिसतंय, आणि समोरच्या कप्प्याच्या वर जी आडवी पट्टी आहे तिच्या मागून कप ठेवायच्या कड्या बाहेर येतात. ९९६ मध्ये यातलं काही नव्हतं. खाली मथळा आहे, ‘स्वस्त प्लास्टिकचा नमुना’. पुढच्या रविवारी चौकट टाकून दुरुस्त करावं, ही विनंती. नाव छापलं नाही तरी चालेल.

कळावे,
आपला एक वाचक
(निवृत्त कुशन कारागीर), चिपळूण