समुद्रावरचा लाल पट्टा जहाजावरूनही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा आला की अरबी समुद्रावर धूर-धुळीचे लाल-पिवळे पट्टे दाखवणारे उपग्रहाचे नकाशे बातम्यांत झळकतात. नकाशे खोटे नसतात. पण त्यांत नेमके काय मोजले आहे, हे बातमीत क्वचितच येते. उपग्रहाला वरपासून खालपर्यंतची सगळी हवा एकत्र दिसते. धूर पाण्यालगत आहे की दोन-तीन किलोमीटर उंचीवर, हे नुसत्या रंगावरून कळत नाही. शिवाय लाटांचा फेस, पाण्यावर चमकणारे ऊन आणि विरळ ढग आकडा बिघडवतात. किनाऱ्यावर पडताळणीला केंद्रे तरी आहेत. भर समुद्रात जहाजाशिवाय कोण?

हे काम आपल्याकडे झालेले आहे. १९९९ च्या इंडोएक्स या संशोधन मोहिमेत आपले ‘सागर कन्या’ आणि अमेरिकेचे ‘रोनाल्ड एच. ब्राउन’ ही संशोधन जहाजे हवेतला धूर-धूळ मोजत हिंदी महासागरात फिरले. उपखंडावरून ईशान्य वाऱ्यांबरोबर निघालेला धुरकट थर किती दूरवर पसरतो, हे तेव्हा दिसले. २००६ मध्ये इस्रोच्या आयकार्ब या अशाच मोहिमेत ‘सागर कन्या’ पुन्हा बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र पालथा घालून आले. पण मोहिमा संपतात, उपग्रह मात्र रोज फिरतो.

व्यापारी जहाजांवर नोकरी झाल्यामुळे यातल्या अडचणीही ठाऊक आहेत. जहाज म्हणजे स्वतःच एक धुराडे. वारा मागून आला की आपल्याच फनेलचा धूर यंत्रात शिरतो आणि ते आकडे टाकून द्यावे लागतात. म्हणून हवा खेचणारी नळी पुढे, नाळेकडे बसवतात. हातात धरायच्या सन-फोटोमीटरला (ऊन हवेत किती अडते हे मोजणाऱ्या यंत्राला) ही अडचण कमी, कारण तो सूर्याकडे रोखून उपग्रहासारखीच सगळ्या थरांची मिळून मोजणी करतो. मात्र डेक हलले आणि नेम चुकला, तर हवा आहे त्यापेक्षा मळकी दिसते. त्यामुळे लागोपाठ अनेक नोंदी घेऊन सर्वांत कमी आलेल्यांवर भरवसा ठेवतात. यात डेक-अधिकाऱ्याला न जमण्यासारखे काही नाही. सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायला सेक्स्टंट धरणारा हात हेही धरेल!

नासाच्या ‘मेरिटाइम एरोसोल नेटवर्क’मध्ये (एरोसोल म्हणजे हवेत तरंगणारे धूर-धुळीसारखे कण) अशा नोंदी जगभरच्या जहाजांवरून जमतात आणि कोणालाही पाहता येतात. न्हावाशेवा, मुरगावहून सुटणाऱ्या काही भारतीय मालवाहू जहाजांना असे फोटोमीटर देऊन, उपग्रह माथ्यावरून जाण्याच्या सुमारास नोंद घ्यायला सांगणे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला जड जाऊ नये. आणि आपल्या वृत्तपत्राने असा नकाशा छापताना ‘ही पाण्यालगतची हवा नव्हे, सगळ्या थरांची बेरीज आहे’ एवढी ओळ खाली जरूर द्यावी.

आपला,
एक निवृत्त मर्चंट नेव्ही अधिकारी, रत्नागिरी