हप्ता झेपतो, गाडी झेपते का?

महोदय,

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि दसरा-दिवाळीला शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्या दिसू लागल्या. स्वस्ताईचा हा आनंद समजण्यासारखा असला, तरी विक्रेता गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ‘महिन्याला किती जमेल?’ असा विचारतो आणि हप्ता खिशात बसेपर्यंत मुदत लांबवत नेतो, हे खटकते. दहा लाखांचे कर्ज ९ टक्के दराने तीन वर्षांत फेडल्यास व्याज सुमारे १ लाख ४५ हजार रुपये होते. सात वर्षांत फेडल्यास तेच साडेतीन लाखांवर जाते. चार वर्षे उलटली तरी निम्मे मुद्दल शिल्लक असते आणि तोवर विम्याच्या कागदावर गाडीची किंमतही निम्म्यावर आलेली असते. विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग वेगळेच. आमच्या सोसायटीत कव्हर घातलेल्या कित्येक गाड्या रविवारीच पुसल्या जातात. मालक रोज दुचाकीवरूनच कामाला जातात. (ऋण काढून सण एक दिवसाचा तरी असे!)

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून व्याज, शुल्क आणि एकूण परतफेड दाखवणारे विवरणपत्र कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. ते सह्यांच्या गठ्ठ्यात न सरकवता, बुकिंगची रक्कम घेण्यापूर्वी मराठीतून हाती द्यावे, अशी सक्ती शोरूमवरही करावी.

– एक वाचक, पुणे