कॅपिटॉलमधला इतिहासपट

महोदय,

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनात, घुमटाखाली अमेरिकेचा इतिहास मांडणारा, कोलंबसच्या आगमनाचा प्रसंग असलेला पट्टा अनेकांना दगडात कोरलेला वाटतो. तो रंगवलेला आहे. जमिनीपासून ५८ फुटांवर, ८ फूट ४ इंच उंच, घेर सुमारे ३०० फूट. एकाच रंगाच्या फिकट-गडद छटांमुळे उठाव भासतो.

तंत्र अस्सल फ्रेस्कोचे, म्हणजे चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होताना रंग त्यातच बांधला जातो. त्यामुळे दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. उरलेला खरवडून टाकायचा. वाळल्यावर फिरवलेला कुंचला मात्र वरवरच राहतो. १९८६-८७ च्या जतनकामात मळ आणि गळतीच्या ओघळांबरोबर असे वरून चढवलेले रंगही काढले, हे फार योग्य झाले.

चित्रकार कॉन्स्टान्टिनो ब्रुमिडी यांनी १८७८ मध्ये हा पट्टा रंगवायला सुरुवात केली. १८८० मध्ये ते वारले. त्यांच्यानंतर चित्रकार फिलिपो कोस्टाजिनी १८८९ पर्यंत रंगवत राहिले, तरी ३१ फूट जागा उरली. ती चित्रकार ॲलिन कॉक्स यांनी १९५३ मध्ये पूर्ण केली.

– एक वाचक