बँडची नोंद करताना साल, गायक आणि शैली तपासून घ्यावी

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पॉप बँडची ओळख करून देणारे सदर सुरू झाले, याचा मनापासून आनंद वाटला. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात संगीताचा विषय निघाला की लिहिणारे आधी सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांकडे वळतात आणि ते रास्तच आहे. पण त्याच गावांतून पाश्चात्त्य पॉपच्या कॅसेटी जिवापाड जपणारी एक पिढीही वाढली आणि तिच्या आवडीची दखल मराठी वृत्तपत्रात क्वचितच घेतली गेली. ती आता घेतली जात आहे, म्हणूनच या सदरातील तपशिलाच्या चुका मनाला लागल्या.

बोनी एमचा उल्लेख ‘अमेरिकन रॉक बँड’ असा झाला आहे. हा गट फ्रँक फारियन या निर्मात्याने पश्चिम जर्मनीत उभा केला, त्यातील चारही कलाकार मूळचे कॅरिबियन बेटांवरचे आणि त्यांचे संगीत हे युरोपीय डिस्को. त्याच गटातील बॉबी फॅरेल यांना लेखात ‘भारदस्त आवाजाचे गायक’ म्हटले आहे. प्रत्यक्षात ध्वनिमुद्रणातील तो पुरुषी आवाज स्वतः फारियन यांचा होता आणि फॅरेल मंचावर नाचत असत. यामुळे फॅरेल यांचे श्रेय कमी होत नाही, कारण त्यांच्या नाचाशिवाय बोनी एमची कल्पनाच करता येत नाही. पण गायक कोण आणि सादर करणारा कोण, हे दोन रकाने नोंद करणाऱ्याने वेगळेच ठेवले पाहिजेत. पुढे याच फारियन यांच्या मिली व्हॅनिली या जोडीचे ग्रॅमी पारितोषिक 1990 साली परत घेतले गेले, ते ध्वनिमुद्रिकेवर त्या दोघांचा आवाजच नव्हता म्हणून.

शैलीचे लेबल लावणे याहून अवघड आहे, हे मला मान्य आहे. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हे गाणे घ्या. ते मूळचे जमैकातील मेलोडियन्स या गटाचे, 1970 सालचे आणि रेगे शैलीतले; बोनी एमने 1978 साली त्याला डिस्कोच्या ठेक्यावर आणले. शब्द बहुतांशी तेच, चालही तीच. बदलला तो ठेका आणि वाद्यमेळ. रेगेत गिटारचा तुटक आघात मात्रांच्या मधोमध पडतो आणि चाल थोडी रेलून बसल्यासारखी वाटते, तर डिस्कोत बेस ड्रम प्रत्येक मात्रेवर सरळ पडतो. कानाने एवढे पडताळून पाहिले असते, तर या गाण्यापुढे ‘रॉक’ हा शब्द लिहिला गेलाच नसता.

बी जीज या गिब बंधूंच्या गटाला सरसकट ‘डिस्को बँड’ म्हणणेही अर्धेच खरे आहे. 1967 च्या सुमारास हे भाऊ संथ, भावपूर्ण पॉप गाणी गात होते. 1975 पासून ते नाचाच्या संगीताकडे वळले आणि 1977 च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ या चित्रपटाच्या गाण्यांनी डिस्कोचा शिक्का त्यांच्यावर कायमचा बसला. यावरून माझी अशी सूचना आहे की शैली बँडच्या नावापुढे न लिहिता अल्बमच्या आणि सालाच्या पुढे लिहावी.

सालाबाबतही तेच. कॅसेटच्या आतल्या कागदावर तळाशी बारीक अक्षरांत वर्तुळातला ‘पी’ छापलेला असतो आणि त्यापुढील साल त्या ध्वनिमुद्रणाच्या प्रकाशनाचे असते. वर्तुळातल्या ‘सी’पुढील साल मुखपृष्ठाचे आणि छापील मजकुराचे. निवडक गाण्यांचे संकलन नंतर निघते, तेव्हा ही दोन साले वेगळी असू शकतात, आणि लेखकाने चुकीचे साल उचलले की गाणे दहा-दहा वर्षे पुढे सरकते.

आपल्या शेजारचे उदाहरण तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. द रघु दीक्षित प्रोजेक्ट या बंगळुरूच्या बँडला ‘कन्नड पॉप’ म्हणून लेख पुढे सरकतो आणि सगळी गीते दीक्षित यांच्या नावावर टाकतो. त्यांचे संगीत फोक रॉक आहे, ते हिंदीतही गातात, आणि त्यांच्या गाजलेल्या काही कन्नड गाण्यांचे शब्द एकोणिसाव्या शतकातील संत शिशुनाळ शरीफ यांचे आहेत. शरीफांचे गाव हावेरी जिल्ह्यात, आपल्यापासून फार दूर नाही. सीमाभागातील मराठी वाचकाला त्यांचे नाव परके नाही. निदान आपल्या वृत्तपत्रात तरी ते गाळले जाऊ नये.

पुढील भागांत स्थानिक कलापथकांवर लिहिणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. तेथे ही काळजी दुपटीने घ्यावी लागेल, कारण परदेशी बँडची चूक दुसऱ्या पुस्तकावरून सुधारता येते. आपल्याकडच्या वादकांबाबत आपले कात्रण हाच उद्याचा एकमेव पुरावा ठरण्याचा संभव आहे. वरातीतला क्लॅरिनेट-ट्रंपेटचा ब्रास बँड, मिरवणुकीतली बँजो पार्टी आणि रंगमंचावर चित्रपटगीते सादर करणारा ऑर्केस्ट्रा यांची वाद्ये वेगळी, शिक्षण वेगळे, बिदागीची रीतही वेगळी. या तिघांना ‘पॉप बँड’ या एकाच शीर्षकाखाली घालू नये. साल सांगोवांगी न घेता जुनी हँडबिले, मंडळांच्या हिशेबाच्या वह्या आणि छापील कार्यक्रमपत्रिका पाहाव्यात, आणि वादकाचे नाव व वाद्य त्याच्याकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून विचारून घ्यावे. अनेक ज्येष्ठ वादक आज थकले आहेत, तेव्हा या भेटी लेखमालेच्या शेवटी न ठेवता आधी उरकाव्यात.

बोनी एम आणि रघु दीक्षित यांच्याविषयीची दुरुस्ती त्याच सदरात, त्याच जागी छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
शहापूर, बेळगाव