'उदयोन्मुख' नाटककार उगवतो कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळं असलेल्या, नाटककारांवरचा लेख वाचला. स्वतःची ओळख, घरची माणसं आणि समलैंगिकता एकाच छपराखाली आणणारी ही नाटकं मराठी वाचकापर्यंत सहसा कुणी पोचवत नाही, म्हणून आधी आभार. एक दुरुस्ती मात्र सुचवतो. मॅथ्यू लोपेझ यांना 'द इनहेरिटन्स'साठी २०२१मध्ये टोनी हे अमेरिकी रंगभूमीचं मोठं पारितोषिक मिळालं आणि सर्वोत्कृष्ट नाटकाचं टोनी घेणारे ते पहिले लॅटिनो नाटककार ठरले, हे बरोबर. पण 'लॅटिनो नाटककाराचा हा पहिलाच मोठा सन्मान' हे वाक्य चुकलं. क्यूबात जन्मलेले निलो क्रूझ यांना 'ॲना इन द ट्रॉपिक्स'साठी नाटकाचं पुलित्झर पारितोषिक २००३मध्येच मिळालेलं होतं.

'द इनहेरिटन्स'च्या लांबीचं लेखात फारच कौतुक आहे. दोन भाग मिळून सहा तासांहून जास्त, हे खरं. पण पहाटेपर्यंत चालणारी संगीत नाटकं पाहून मग थेट शेतावर जाणाऱ्या आमच्या आजोबांना त्यात विशेष वाटलं नसतं. त्यापेक्षा एक गोष्ट लिहायला हवी होती. हे नाटक न्यूयॉर्कच्या समलिंगी पुरुषांचं, एड्सनं नेलेल्या पिढीचं आणि मागे उरलेल्यांचं आहे, पण त्यातली मुख्य माणसं बहुतेक गोरी. लेखक पोर्तो रिकन वंशाचा, मग त्याचं घर कुठंय, असा सवाल तिथल्याच लोकांनी केला. ते घर लोपेझ यांच्या २०११च्या 'समव्हेअर'मध्ये सापडतं. १९५९चं मॅनहॅटन, नाचाचं वेड असलेलं एक पोर्तो रिकन कुटुंब, आणि लिंकन सेंटर हे कलासंकुल उभं करण्यासाठी पाडली जाणारी त्यांची वस्ती. रंगमंचासाठी रंगवेड्यांचंच घर पाडायचं! पहिल्या प्रयोगात आईचं काम लोपेझ यांच्या सख्ख्या आत्यानं, प्रिसिला लोपेझ यांनी केलं. लेखात या नाटकाचा उल्लेखसुद्धा नाही.

आणखी एक नाव सुटलं, आणि ते सुटायला नको होतं. नाटककार मारिया इरेने फोर्नेस. हवानात १९३०मध्ये जन्म, १९४५मध्ये आई आणि बहिणीबरोबर न्यूयॉर्कला. अमेरिकी लेखिका सुझन सोंटॅग आणि त्या काही वर्षं एकत्र राहत होत्या. सोंटॅग यांचं लिहिणं अडलं होतं, तेव्हा 'त्यात काय अवघड' असं म्हणत फोर्नेसबाईंनी स्वयंपाकाचं पुस्तक उघडलं, त्यातल्या वाक्यांचे पहिले शब्द उचलले आणि त्यांवरून लिहीत सुटल्या, हा किस्सा प्रसिद्ध आहे. ब्रॉडवेनं, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीनं, त्यांना कधी जवळ केलं नाही. १९६६मध्ये एक नाटक तिथवर गेलं आणि रीतसर शुभारंभाआधीच बंद पडलं.

पण १९८१मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या इंटार या लॅटिनो नाट्यसंस्थेत लेखकांची कार्यशाळा सुरू केली. आधी योगासनं, मग डोळे मिटून मनात एखादी जागा, एखादं माणूस आणायचं, आणि मग लिहायचं. विषय दिलेला नसे, स्पर्धेची तारीख नसे. निलो क्रूझ याच खोलीतून आले. चेरी मोरागाही इथल्याच. आई मेक्सिकन वंशाची, वडील गोरे, आणि आपण लेस्बियन आहोत हे न लपवता लिहिणारी बाई. त्यांचं 'शॅडो ऑफ अ मॅन' या खोलीत वाढलं आणि १९९०मध्ये फोर्नेसबाईंनीच बसवलं.

१९८१ हे साल वाचून मी थबकलो, कारण तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' त्याच वर्षी रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींची मित्रा, मुलीवर प्रेम करणारी मुलगी, विसरता येत नाही. पण मित्राची गोष्ट सांगतो कोण? तिचा मित्र बापू. पुढे चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'मध्ये समलिंगी मुलाची डायरी आहे, पण आपल्यासमोर ती वाचते आई. दोन्ही नाटकं मोलाची, यात वाद नाही. तरी ज्याचं दुखतं तो विंगेतच उभा राहतो आणि बोलतो दुसराच. फोर्नेसबाईंच्या खोलीत ज्याचं त्यानं लिहिलं. माझ्या मते मोठा फरक हाच, आणि तो पुरस्कारांनी पडत नाही. तिथं बसायला टेबल होतं आणि 'हे चालणार नाही' म्हणणारं कुणी नव्हतं, त्यानं पडतो.

आमच्याकडे असं म्हणणारा मीच होतो. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या हौशी संस्थेत मी प्रॉम्प्टिंगपासून कपडेपटापर्यंत सगळं पाहायचो. एका पोरानं एकांकिका आणली. दोन मित्र, एकाच्या बहिणीचं लग्न, मांडवाच्या मागं दोघांचं बोलणं. सुरेख होती. आम्ही चहा पीत पीत त्यातल्या एका मित्राची मैत्रीण केली. 'परीक्षकांना झेपणार नाही रे,' हे शब्द माझे. स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, ते घ्यायला तो आला नाही. नंतर त्यानं काही लिहिल्याचं माझ्या कानावर नाही.

आता तो बँकेत आहे. नाटकाला येतो, मागच्या रांगेत बसतो, भेटला की हसतो. आपल्या लेखाचा फोटो परवा त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला, सोबत काही लिहायचं धाडस झालं नाही. रात्री उत्तर आलं, "काका, निलो क्रूझ राहिला की. २००३. पेपरला कळवा."

म्हणून हे पत्र.

आपला,
एक जुना वाचक, सांगली